उघड्या जमिनीचं पांघरूण

आज आपण जमिनीच्या पांघरुणाबद्दल बोलणार आहोत. अंगणात, शाळेच्या आवारात, बांधावर, डोंगरावर माती उघडी पडली की तिच्यावर काय असावं, हा विषय आहे. हल्ली कुणी म्हणतं लॉन लावा, कुणी म्हणतं पेव्हर ब्लॉक बसवा, कुणी म्हणतं पालापाचोळा किंवा मल्चिंग पेपर टाका. आमच्या बचत गटात यावरून चांगलाच वाद झाला. वादाचं उत्तर शोधताना आम्हाला आपल्या खानदेशचा दोनशे वर्षांचा इतिहास चाळावा लागला. तोच आज तुम्हाला सांगतो.

आधी आमची फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी गावातल्या समाजमंदिरासमोरची जागा सुशोभित करायचं काम आमच्या गटानं घेतलं. रोपवाटिकेतून मेक्सिकन गवताच्या चटया आणल्या, खाली लाल माती टाकली. दिवाळीत जागा अशी हिरवीगार दिसायची की लोक फोटो काढायचे. होळी झाली, ऊन तापलं, आणि पाण्याचा हिशेब सुरू झाला. जागा शंभर चौरस मीटर. दर चौरस मीटरला रोज पाच लिटर पाणी धरलं, आणि आपल्या उन्हात हे कमीच, तर रोजचे पाचशे लिटर झाले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर तेहेतीस हंडे! एप्रिल आणि मे मिळून तीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे तीन टँकर. पिण्याच्या पाण्यासाठी रांगेत उभं राहायचं आणि गवतावर टँकर ओतायचा, हे कुणाच्याच मनाला पटेना. आखाजीच्या आधीच लॉन जळून गेली. गटाचे पैसे मातीत गेले. आता शाळेमागच्या जागेचं काम समोर आलं तेव्हा आम्ही ठरवलं, आधी विचारू, मग लावू.

विचारायला सुरुवात केली ती गावातल्या म्हाताऱ्या बायांपासून. 'तुमच्या लहानपणी या जागेवर काय होतं?' हा एकच प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारला. उत्तर सगळीकडे एकच आलं: 'गवत होतं.' मग गवत गेलं कुठे?

आता जरा मागे जाऊ. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, आणि त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. गावंच्या गावं ओस पडली. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश ताब्यात घेतला तेव्हा इथल्या कितीतरी चांगल्या जमिनीवर झाडझाडोरा आणि उंच गवत माजलेलं होतं. त्यात वाघ फिरत. नव्या सरकारच्या नजरेत ती पडीक जमीन होती, कारण तिच्यातून सारा मिळत नव्हता. पण भिल्ल, कोकणी, मावची लोकांचं आणि गुरंवाल्यांचं घर त्याच गवतावर चाललं होतं. छपराला गवत, गुरांना गवत, दोरीला गवत, औषधाला गवत.

यातलंच एक गवत होतं तिखाडी, म्हणजे रोशा गवत. पान चुरगळलं की गुलाबासारखा वास येतो. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेर भागात आणि नंदुरबारकडे या गवताचं तेल काढायचा जुना धंदा होता. पावसाळा संपता संपता डोंगरावरचं फुलोऱ्यातलं गवत कापायचं, भट्टीवर मोठ्या भांड्यात पाण्याबरोबर उकळायचं, आणि वाफेतून तेल धरायचं. हे तेल मुंबई बंदरातून अरबस्तान, तुर्कस्तानपर्यंत जाई. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळायला वापरत. मैत्रिणींनो, विचार करा. ज्या डोंगरउतारांना आज आपण उजाड म्हणतो, त्यांच्यावरच्या रानगवताला एकेकाळी साता समुद्रापार गिऱ्हाईक होतं. कुणी पेरलेलं नव्हतं, कुणी पाणी घातलेलं नव्हतं.

मग गवत हटलं कसं? पहिलं कारण नांगर. सरकारनं जमिनीची मोजणी करून नवा सारा बसवायला घेतला. १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागातल्या शेतकऱ्यांनी त्या मोजणीला असा विरोध केला, की सरकारला फौज बोलवावी लागली. विरोध मोडला आणि मोजणी झाली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि हिंदुस्थानातल्या कापसाचे भाव एकदम चढले. त्याच सुमारास भुसावळ-जळगावकडे आगगाडी आली. कापूस गाडीत भरला की थेट मुंबई. मग ज्याला जमेल तो माळ, कुरण फोडून कापूस लावू लागला. आपल्या घरात पैसा आला हे खरं, आणि त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण कापसाच्या दोन ओळींमधली माती उघडी पडली ती तेव्हापासून.

दुसरं कारण कायदा. १८७८ च्या जंगल कायद्यानं डोंगर आणि रानं राखीव झाली. ज्या गवताला कुणी हरकत घेत नव्हतं, ते कापायला आणि गुरं चारायला परवाना लागू लागला, फी लागू लागली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगल खात्यानं गुरांचं चराऊ रान हिरावल्याची तक्रार आहे. रान बंद झालं तशी सगळी गुरं गावाजवळच्या उरल्यासुरल्या माळावर आली. तिथे काय झालं ते बकऱ्या पाळणारीला सांगायला नको. जनावर आधी गोड गवत खातं. पवन्या, मारवेल, डोंगरी ही वर्षानुवर्षं टिकणारी गवतं पुन्हा पुन्हा कुरतडली जातात, त्यांना बी धरता येत नाही. मग उरतं कुसळी गवत, ज्याची कुसळं जनावराच्या तोंडात आणि आपल्या लुगड्यात रुततात. तेही गेलं की मुरूम उघडा.

ज्या काळात आपलं गवत असं हटत होतं, त्याच काळात साहेबाचं गवत येत होतं. लॉन ही इंग्लंडची वस्तू. तिथे बारा महिने थोडाथोडा पाऊस पडतो, ऊन कोवळं असतं, त्यामुळे गवत आपोआप हिरवं राहतं. १८३० साली तिथल्या एडविन बडिंग नावाच्या माणसानं गवत कापायचं यंत्र काढलं आणि सपाट कापलेली हिरवळ ही मोठ्या घराची खूण झाली. साहेब इकडे आला तसा हा शौकही आला. कलेक्टरच्या बंगल्यापुढे, जिमखान्यात, रेल्वेच्या वसाहतीत हिरवळ राखली जाऊ लागली. पाणी घालायला माळी होते, मोट होती. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, हा विचार त्या हिरवळीत नव्हता. तिचा खर्च कुणाच्या विहिरीतून होतो, हाही नव्हता.

गंमत बघा, त्या बंगल्यांपुढची हिरवळ बहुतेक ठिकाणी आपल्याच हरळीची होती. हरळी म्हणजे दूर्वा. जी आपण गणपतीला वाहतो आणि वावरात दिसली की कुदळ घेऊन धावतो, तीच. म्हणजे साहेबालाही शेवटी इथलंच गवत लावावं लागलं.

आता दुष्काळाची गोष्ट. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९९-१९०० साली मोठे दुष्काळ पडले. अशा वेळी चूल कुणी पेटती ठेवली? रानात वाढणाऱ्या भाज्यांनी. घोळ, चिवळ, तांदुळजा, पाथरी, केना, कुंजरू, तरोटा. या सगळ्या न पेरता येतात, दोन पावसांत जमीन झाकतात, आणि त्यातल्या कुठल्या खायच्या, कुठल्या नाही, कुठली भाजी उकळून पाणी फेकायचं, हे ज्ञान बायांकडे होतं. दुष्काळात लोकांनी खाल्लेल्या अशा रानवनस्पतींची यादी पुढे छापलीही गेली. मुंबईत राहणारे मूळचे गोव्याचे डॉक्टर जोसे कमिलो लिस्बोआ यांनी १८८६ साली मुंबई इलाख्यातल्या उपयोगी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात दुष्काळी वनस्पतींना वेगळी जागा दिली. त्यांच्या पत्नीही वनस्पतींच्या अभ्यासक होत्या. सुवासिक गवतं हा त्यांचा विषय, म्हणजे आपल्या तिखाडीचं कुळ. १८८९ साली त्यांनी एका नव्या सुवासिक गवताचं शास्त्रीय वर्णन छापलं. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एक बाई गवतावर लिहीत होती, हे ऐकून आमच्या गटातल्या पोरींना फार नवल वाटलं. आमच्या म्हाताऱ्या बाया मात्र म्हणाल्या, 'लिहिलं तिनं, पण ओळखत तर आम्हीही होतो.'

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी काहींनी पाहिलाय. बाया खडी फोडायला गेल्या, पाटीनं माती वाहून बांध घातले. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. पण त्या बांधांचं काय झालं, हे बघण्यासारखं आहे. ज्या बांधावर गवत धरलं, तो टिकला. जो उघडा राहिला, तो काही पावसाळ्यांत वाहून गेला. बाईच्या डोक्यावरून आलेली माती बांधावर धरून ठेवायला गवताची मुळं लागतात.

याच काळात उघड्या जमिनीवर बाहेरचे पाहुणेही घुसले. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं. आज एकही गावरस्ता त्यावाचून नाही. अंगाला लागलं की खाज सुटते, जनावर खात नाही. घाणेरी तर त्याच्याही आधी शोभेचं झुडूप म्हणून इंग्रजांच्या बागेत आली आणि बागेतून रानात गेली. आज रोपवाटिकेत जमीन झाकायला पिवळ्या फुलांची वेडेलिया देतात, तीही अमेरिकेकडचीच. ओल मिळाली की ती दुसऱ्या कशालाच जागा ठेवत नाही. म्हणून 'लवकर पसरतं' असं दुकानदार कौतुकानं सांगतो, तेव्हा आपण विचारावं: पसरून कुठे थांबतं?

आणि पालापाचोळ्याचं आच्छादन? फळझाडाच्या आळ्यात ते चांगलंच. केळीची पानं केळीतच पसरली तर ओल टिकते. पण मोकळ्या जागेवर घालायला एवढा काडीकचरा आणायचा कुठून? कडबा जनावराला लागतो. कापसाच्या काड्या तशाच पडू दिल्या तर बोंडअळीला आसरा मिळतो. कोरडा पाला उन्हाळ्यात वाळवी खाऊन टाकते. मल्चिंग पेपर एक-दोन हंगामांत फाटतो आणि त्याच्या चिंध्या वावरभर उडतात. जिथे चारा आधीच कमी, तिथे जमिनीवर जिवंत पांघरूणच परवडतं, कारण ते चाराही देतं.

हे पांघरूण परत आणता येतं का? येतं, आणि ते आपल्याच धुळे जिल्ह्यात झालंय. धुळे तालुक्यातलं लामकानी घ्या. २००० सालाच्या आसपास गावचेच डॉ. धनंजय नेवाडकर आणि गावकरी यांनी उजाड डोंगरावर काम सुरू केलं. सलग समतल चर खणले, बांध घातले, आणि दोन बंद्या पाळल्या: कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. गवत कुणी विकत आणून अंथरलं नाही. मातीत उरलेली मुळं आणि बी यांना फक्त उसंत दिली. आधी हलकं, कुसळाचं गवत येतं. ते जमीन धरतं, ओल टिकवतं. मग हळूहळू मारवेल, पवन्या, डोंगरी अशी चाऱ्याची गवतं जोर धरतात. याला एक-दोन नाही, बरीच वर्षं लागतात.

दुसरं गाव बारीपाडा, साक्री तालुक्यातलं, ज्या भागात एकेकाळी तिखाडीचं तेल निघायचं त्याच पिंपळनेरच्या पट्ट्यातलं. तिथे चैत्राम पवार आणि पाड्यातल्या लोकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आपलं जंगल राखलं. नियम केले, दंड ठेवला, पाळीनं राखण केली. २००४ पासून तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बाया रानातल्या भाज्या रांधून आणतात आणि प्रत्येक भाजीचं नाव, गुण सांगतात. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली. आम्हाला त्या स्पर्धेचं जास्त कौतुक वाटतं. दुष्काळात लाजत खाल्लेली भाजी तिथे मानानं ताटात मांडली जाते.

इथे एक कडू गोष्टही बोलायला हवी. चराईबंदी म्हटलं की पहिला घाव बसतो तो भूमिहीन घरातल्या बकऱ्यांना. आमच्या गटातल्या दोघींचं घर बकऱ्यांवर चालतं. शाळेमागची जागा बंद करायची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, 'तुमचं गवत वाढेल, आमची बकरी काय खाईल?' हा प्रश्न टाळून चालणार नाही. आम्ही ठरवलं ते असं: जनावर आत सोडायचं नाही, पण गवत कापून न्यायचं. कापायचा पहिला हक्क या दोघींचा. राखणही त्याच करतील. जुन्या जंगल कायद्यानं दार बंद केलं आणि किल्ली साहेबाकडे ठेवली. आपण बंद केलं तर किल्ली जिला सगळ्यात जास्त गरज तिच्याकडे असावी.

आता कुठे काय लावायचं ते सांगतो. आम्ही जागेचे चार भाग केले.

पहिला, पोरं खेळतात ती जागा. तिथे हरळी. पायाखाली टिकते, उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पहिल्या पावसात उठते. फक्त वावराच्या कडेला ती लावू नका, आत घुसली तर तुम्हीच आमच्या नावानं बोटं मोडाल.

दुसरा, हातपंपाजवळची ओल. सांडलेल्या पाण्यावर जलपिंपळी छान पसरते. सावली असेल तर ब्राह्मी लावा. चिखल कमी होतो.

तिसरा, उन्हातला मुरूम आणि उतार. तिथे मारवेल आणि पवन्या. मारवेलचे मुळासकट ठोंब पहिला चांगला पाऊस झाला की हातभर अंतरावर लावायचे. पवन्याचं बी दिवाळीच्या सुमारास पिकतं तेव्हा गोळा करून ठेवायचं. मधूनमधून विष्णुक्रांताची निळी फुलं आपोआप येतात, ती उपटू नका. चिवळही येते, ती भाजीला.

चौथा, झाडांच्या ओळींमधली जागा. तिथे पावसाळ्यात मटकी किंवा चवळी. मटकी हलक्या जमिनीत पसरते, माती झाकते, मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देते, आणि शेवटी डब्यातही येते. आपल्या सासवा-आज्यांनी ज्वारीत आणि कापसात मूग, उडीद, मटकी घेतली ती यासाठीच.

काढायचं काय? गाजरगवत फुलायच्या आधी, हातात मोजे घालून उपटायचं. गोखरू पोरांच्या पायात जातो, तोही काढायचा. जिथे तणनाशक मारलंय तिथली भाजी खायची नाही. ज्या भाजीची पक्की ओळख नाही, ती जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवायची नाही. राखीव रानातून रोपं उपटून आणायची नाहीत, आपल्याच बांधावर शोधायची. आणि साप-विंचवाची भीती खरी आहे, तेव्हा घराच्या भिंतीपासून आणि पायवाटेच्या दोन्ही अंगांना गवत बोटभरच ठेवायचं. दिवाळीनंतर वाळलेलं गवत कापून घ्यायचं आणि कडेनं एक पट्टा साफ ठेवायचा, म्हणजे ठिणगी पडली तरी आग पसरणार नाही.

एवढं करून मे महिन्यात ही जागा हिरवी दिसणार नाही. पिवळी दिसेल. कुणी म्हणेल, 'पुन्हा जळालं वाटतं तुमचं!' आम्ही तेव्हा एकच करू, एक ठोंब उकरून दाखवू. वर पान वाळलेलं असलं तरी खाली मूळ जिवंत असतं आणि मूठभर माती धरून असतं. पहिल्या पावसाचं पाणी त्या मुळांपाशी थांबतं. मुरमावरून वाहून नाल्याला लागत नाही.

या मृगात आम्ही पहिले ठोंब लावले. पैसे लागले ते फक्त कुंपणाच्या तारेला. मैत्रिणींनो, तुम्हीही तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायांना तोच प्रश्न विचारा: 'या जागेवर पूर्वी काय होतं?' त्या सांगतील ती नावं वहीत लिहा. पुढच्या बैठकीत वाचा. मग त्यातलं कुठे काय उरलंय ते शोधायला बांधावर चला.

पुढच्या वेळी भेटू, तोवर राम राम!